थॉर्बीची बायको

“नवरात्रातलं ते आवडलं ना हो ताई?” कपाळ पुढे करत अर्चनाने विचारलं. हळदीकुंकू लावताना आपल्याकडे जे उत्तर द्यायचं असतं तेच सुनीतीने दिलं. “छानच होतं गं, पण एवढं कशाला करायचं?”

कशाबद्दल बोलणं चाललंय हे तिला ठाऊक नव्हतं. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घरात पंधरा बायका, एकीचं मूल तिळगुळाच्या डब्यात हात घालतंय, दुसरीला निघायची घाई, अशा वेळी कोण विचारतं, ‘कुठलं ते?’ म्हणून? नवरात्रात अर्चनाने तिची ओटी भरली होती, त्यात काहीतरी असणार. बायका देतात आणि बायका आवडलं म्हणतात. जग असंच चालतं, आणि इंग्लंडातल्या लेस्टरमध्येही असंच चालतं.

“तुमच्यापुढे ते काहीच नाही.” अर्चना आणखी जवळ आली. तिच्या अंबाड्यातल्या गजऱ्याचा वास सुनीतीच्या नाकात गेला. “तुम्ही नंतर काही बोलला नाहीत, तेव्हाच मी ह्यांना म्हटलं, ताईंना सगळं कळतं. आणि मोडायचं झालं तर बेलग्रेव्ह रोडला आमच्या ओळखीचा सोनार आहे हं, घट धरणार नाही. एकदा बुधवार पार पडू दे.”

कुंकवाचं बोट अर्चनाच्या कपाळापाशीच थांबलं.

मोडतात ते सोनं. आणि बुधवारी कौन्सिलच्या प्लॅनिंग कमिटीपुढे अर्चनाच्या नवऱ्याचा, म्हणजे संजयचा, प्रस्ताव होता. गावाबाहेरच्या ओढ्याकाठच्या कुरणात त्याला घरं बांधायची होती. त्या प्रस्तावाची फाइल होती अंबरीशकडे, आणि अंबरीश म्हणजे कौन्सिलातला अधिकारी, सुनीतीचा नवरा.

“काय झालं ताई?”

“काही नाही गं. तेलकट झालंय बोट,” सुनीती म्हणाली, आणि तिने कुंकू टेकवलं. थोडं वाकडंच लागलं. अर्चना हसतमुखाने बाकीच्या बायकांत जाऊन बसली आणि कुणाचं तरी पोर मांडीवर घेऊन त्याला हलवा भरवू लागली. ही बाई दुष्ट असती तर किती बरं झालं असतं! पण तसं नव्हतं. कुणाला ताप आला की डबा घेऊन दारात उभी राहणारी बाई ती.

आता सुनीती कोण, हे सांगायला हवं. त्याशिवाय या प्रकाराची गंमत कळायची नाही. गंमत म्हणजे तिच्या दृष्टीने अर्थातच नाही. सुनीती इतिहासाची प्राध्यापक. मूळची पुण्याची, पण तिने जन्म घालवला इंग्लंडच्या पंधराव्या शतकात, आणि त्यातही एकाच प्रश्नात: राजाच्या तुटपुंज्या पगारावर नोकरी करणारे अधिकारी एवढे गबर झाले कसे? तिचा लाडका माणूस होता रॉजर थॉर्बी. कुणी जमीनदार मेला की त्याची जमीन राजाकडे जाते की वारसाकडे, वारस अज्ञान असेल तर त्याचा पालक कोण, हे ठरवायला राजाने जिल्ह्यात नेमलेला माणूस. पगार इतका की घोड्याच्या दाण्यालाही पुरू नये, आणि तोही थकलेला. तरी मरताना तीन गावं, लोकरीची वखार आणि चर्चमध्ये स्वतःच्या नावाचं दालन. त्याची संगमरवरासारख्या पांढऱ्या दगडातली समाधी लेस्टरपासून अर्ध्या तासावरच्या एका खेड्यात आहे. थॉर्बी आणि त्याची बायको ॲलिस शेजारी शेजारी आडवी, हात जोडलेले, पायाशी कुत्रं. सुनीती पाहुण्यांना ते दाखवायला नेत असे. दुसऱ्या कुणी महाबळेश्वर दाखवावं, तसं.

तर गेल्या गणपतीत मराठी मंडळाने तिचं व्याख्यान ठेवलं होतं. अथर्वशीर्ष आणि मोदक यांच्या मधल्या वेळेत पंधरावं शतक. पण सुनीती बोलायला उभी राहिली की मोदकांचा विसर पडावा असं बोलते. थॉर्बीने कधी हात पसरला नाही, असं तिने सांगितलं. जमीनदार मेला की त्याच्या घरचे लोक आपणहून दारूचं पिंप पाठवायचे, उपासाच्या दिवसांत तळ्यातला ताजा मासा पाठवायचे, त्यांच्या उपासाला मटण चालत नाही, मासा चालतो. पोरक्या वारसाचं पालकत्व थॉर्बी मेव्हण्याच्या नावावर स्वस्तात घ्यायचा आणि त्या पोराचं लग्न चढ्या भावाने जुळवायचा. पडीक म्हणून नोंदलेली राजाची कुरणं त्याच्याच माणसांना मिळायची. यातलं काहीही चोरून नव्हतं. “आपण याला लाच म्हणतो,” सुनीती म्हणाली होती, “पण ती त्या काळची रीत होती. राज्य पगार देत नव्हतं, तो समाज देत होता. भेट घेतली म्हणजे न्याय विकला, असं म्हणायला पुरावा नाही.” हे तिचं आवडतं वाक्य. याच वाक्यावर तिचं पुस्तक उभं होतं.

त्यावर मागच्या रांगेतून अर्चनाने हात वर केला होता. “पण ताई, द्यायचं कसं हो? घेणाऱ्याला लाज नाही वाटणार?”

हॉल हसला. सुनीतीलाही प्रश्न आवडला. मंडळात असले प्रश्न कोण विचारतं? तिने खुलून उत्तर दिलं. अधिकाऱ्याला द्यायचंच नाही, त्याच्या बायकोला द्यायचं. नाणी द्यायची नाहीत, वस्तू द्यायची. सणाचा दिवस साधायचा, कारण सणाची भेट नाकारणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान. इंग्रज नववर्षाला द्यायचे. थॉर्बीच्या ॲलिसला एका नववर्षाला चांदीचा पेला आला, दुसऱ्या वर्षी केसाळ कातड्याची किनार लावलेला झगा. “आणि देणाऱ्याने मागायचं नाही, घेणाऱ्याने आभार मानायचे नाहीत. गप्प राहणं हीच पोच!” टाळ्या झाल्या. मग मोदक.

शिकवलेलं इतकं नीट समजणारी विद्यार्थिनी सुनीतीला सगळ्या विद्यापीठात मिळाली नव्हती.

“आले हं, वाणाच्या पिशव्या वर राहिल्यात,” असं बायकांना सांगून सुनीती जिना चढली. वाणाच्या पिशव्या खालीच होत्या. वर होती ती ब्लाउजपिसांची बॅग.

ब्लाउजपीस हे काय प्रकरण आहे, ते जिच्या घरी आहे तिला सांगायला नको. तो शिवायचा नसतो. लेस्टरला कोण शिवतंय, आणि शिवायला जेवढं घेतात तेवढ्यात तयार ब्लाउज येतो. तो फिरवायचा असतो. ओटीत आला की नारळाची बर्फी करायची, तांदळाचा भात करायचा, आणि पीस पाकिटासकट, घडी न मोडता, बॅगेत टाकायचा. पुढच्या सवाष्णीच्या ओटीत तो जातो. नियम एकच. जिने दिला तिलाच परत जाता कामा नये. हा नियम मोडला तर मैत्री मोडते, म्हणून बायका कुणी कुठला रंग दिला हे पक्कं लक्षात ठेवतात. अर्चनाचा पीस हिरवा होता, बुट्ट्यांचा, आत पुठ्ठा घातलेला. जरा जाड वाटला होता. सुनीतीला वाटलं होतं, भारीतला असेल.

तिने बॅग पलंगावर उपडी केली. जांभळा, मोतिया, दोन लाल, एक भयंकर पोपटी. हिरवा बुट्ट्यांचा नव्हता. खालून हसण्याचा मोठा आवाज आला, आणि त्यात अर्चनाचा सगळ्यात वर. सुनीती पलंगाच्या कडेवर बसली. संजय आणि अर्चनाच्या हिशेबी सोनं या घरात येऊन चार महिने झाले होते, आणि आत्ताच खाली, स्वतःच्या तोंडाने, तिने पोचही दिली होती. उद्या कुणी विचारलं तर काय सांगायचं? पाकीट उघडलंच नाही, दुसरीला देऊन टाकलं? खालच्या पंधराजणी डोळे मिटून विश्वास ठेवतील. कौन्सिलचा एक तरी गोरा ठेवेल का?

मग तिला आठवलं. वरदा! नोव्हेंबरात वरदाचं डोहाळजेवण होतं. डोहाळजेवणाला हिरवं शोभतं, म्हणून तिने मुद्दाम तोच काढून दिला होता.

बायका जाईपर्यंत तिने कसंबसं निभावलं. अर्चना सगळ्यात शेवटी निघाली. भांडी आवरू लागते म्हणाली, सुनीतीने तिला जवळजवळ दाराबाहेर ढकललं. अंबरीश बायकांत पुरुषाची अडचण नको म्हणून सकाळीच जिमला आणि मग कुणाकडे तरी गेला होता. त्याला फोन करावा असं तिच्या मनात आलं, पण काय सांगणार? आधी वस्तू हातात येऊ दे. ती तशीच, पैठणीवर अनोरॅक, म्हणजे टोपीचं जाड जाकीट, चढवून, गाडीत बसली.

वरदा आणि तिचा नवरा दोघं हॉस्पिटलात डॉक्टर. बाळ महिन्याचं, आणि त्याला सांभाळायला नागपूरहून वरदाची आई आलेली. दार वरदाने उघडलं. खांद्यावर बाळ, खांद्यावरच दुधाची ओकारी, डोळे जागरणाने लाल.

“सुनीतीताई? अहो, हळदीकुंकवाला यायला जमलंच नाही, सॉरी, रात्रभर हा...”

“ते राहू दे गं. तुझ्या डोहाळजेवणाला मी हिरवा ब्लाउजपीस दिला होता. कुठंय तो?”

असा प्रश्न मराठी बाईला कुणी विचारत नसतं. वरदाचा चेहरा आधी गोंधळला आणि मग लालीलाल झाला. “आहे ना. म्हणजे, शिवायला टाकलाय.”

“वरदा, खरं सांग. मी रागावणार नाही. तो माझ्याकडेही ओटीतच आला होता. मी उघडलासुद्धा नव्हता.”

“अय्या, खरंच?” वरदाच्या खांद्यावरचं ओझं उतरलं, बाळ नव्हे, दुसरं. तिने आत हाक मारली. “आई, तो हिरवा बुट्ट्यांचा पीस गं, तू कुणाला दिलास?”

आई हात पुसत बाहेर आल्या. “त्या बाई नाही का आल्या होत्या बाळाला बघायला, गजरा माळून? पहिल्यांदाच घरी आल्या, बाळाला चांदीचे वाळे आणले, म्हटलं कोरडं कसं पाठवायचं? समोर हाच होता. मी ओटी भरली.”

“अर्चनाताई,” वरदा म्हणाली.

“तुम्ही तो उघडला होतात?” सुनीतीने आईंना विचारलं.

“उघडून काय करू? घडी मोडली की पीस जुना दिसतो,” आई म्हणाल्या, आणि या प्राध्यापकबाईंना एवढंही कसं कळत नाही अशा नजरेने त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

गाडीत बसल्यावर सुनीती हसली. एकटीच, स्टिअरिंगवर डोकं टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. अर्चनाचं सोनं अर्चनाच्याच बॅगेत! आणि तीही मराठीच बाई, म्हणजे तिनेही ते उघडलेलं नाही. सुंठीवाचून खोकला गेला. आम्ही काही घेतलं नाही. देवाने लाज राखली. हे सगळं अंबरीशला कसं रंगवून सांगायचं, त्याची जुळवाजुळव करतच ती घरी आली.

अंबरीश घरी आला होता. स्वयंपाकघरात उभा राहून उरलेला तिळगूळ खात होता. सुनीतीने अनोरॅकही न काढता सगळं सांगितलं, वरदाच्या आईची नक्कलही केली. सांगून झालं तरी तो हसला नाही.

“म्हणजे तू ते घेतलंच नव्हतंस,” तो म्हणाला.

“अरे तेच सांगतेय ना!”

“तू बघितलंसुद्धा नव्हतंस.”

“नव्हतं.” तिचा आवाज खाली आला. “अंबरीश, तुला माहीत होतं?”

त्याने खुर्ची ओढली, पण बसला नाही. “दिवाळीत संजय म्हणाला होता. ‘वहिनींकडे दिलंय, त्या काही बोलल्या नाहीत, म्हणजे गोड मानून घेतलंय.’ मी काय म्हणणार? मला वाटलं, तू सांगशील. एक आठवडा वाट बघितली. दोन आठवडे. तू नेहमीसारखी होतीस. मग मला वाटलं, तुला चालतंय. सुनीती, या विषयात तुझ्याइतकं कोणाला कळतं? तूच तर लिहिलंयस, रीत असते, भेट घेतली म्हणून...”

“माझं पुस्तक काढू नकोस.”

“का नको? तीन महिने मी तेच स्वतःला ऐकवतोय.”

बाहेर अंधार दाटला होता. सुनीतीला पुढचा प्रश्न विचारायची इच्छा नव्हती. पण उत्तर माहीत असताना प्रश्न न विचारणं म्हणजे काय, हे ती वर्षानुवर्षं मुलांना शिकवत आली होती.

“तळ्याचं काय केलंस?”

संजयच्या कुरणाखाली ओढ्याच्या वळणावर बैठ्या घरांची एक गल्ली होती. सगळी निवृत्त माणसं. गेल्या हिवाळ्यात ओढा चढला तेव्हा अंबरीश गमबूट घालून तिथे पाहणीला गेला होता. एका आजीबाईंनी त्याला चहा दिला, भिजलेल्या गालिच्यावर उभं राहून. बसायला खुर्च्या कोरड्या नव्हत्या म्हणून माफी मागितली. ते सांगताना जेवणाच्या टेबलावर त्याने हातातला घास खाली ठेवला होता. म्हणूनच त्याची अट होती की संजयने आधी पाणी साठवायचं तळं खणायचं, मग घरं बांधायची. तळं खणलं की चार घरांची जागा जाते. संजयला ते नको होतं.

“अट काढली नाही मी,” अंबरीश म्हणाला. “पुढे ढकललीये. घरं पहिल्या फेजमध्ये, तळं दुसऱ्या. टेक्निकली त्यात चूक काही नाही.”

“दुसरी फेज होईल?”

त्याने हातातला तिळगूळ उलटसुलट करून पाहिला.

“संजयच्या मागच्या साइटवर झाली होती?”

“नाही.”

सुनीती आता खुर्चीवर बसली. तिला थॉर्बीच्या कागदपत्रांतली एक विधवा आठवली. थॉर्बीच्या निकालात ओढ्याकाठचं कुरण गमावलेली. पुस्तकात तिला एक तळटीप मिळाली होती, आणि तळटिपेत सुनीतीचं ते आवडतं वाक्य: निर्णयावर भेटीचा परिणाम झाल्याचा पुरावा नाही. पुरावा कसा सापडणार? तो असा स्वयंपाकघरात उभा असतो, तिळगूळ हातात धरून. आणि ॲलिस? त्या झग्याबद्दल नवऱ्याशी ती कधी बोलली असेल का, की तीही गप्प राहिली आणि त्याने त्या गप्पपणाचा हवा तो अर्थ लावला? इतकी वर्षं त्या दगडी बाईच्या पायाशी उभं राहून सुनीतीने तिला हा प्रश्न विचारला नव्हता. तिला स्वतःचा संताप आला. नवऱ्याचाही आला, पण स्वतःचा जास्त.

“रिपोर्ट मागे घे,” ती म्हणाली.

“छापून गेलाय. बुधवारी मला तो मांडायचाय.”

“मग बुधवारी सांग.”

“काय सांगू?” अंबरीशचा आवाज चढला. “की बायकोने सोनं घेतलं असं समजून मी रिपोर्ट बदलला, आणि बायकोने ते घेतलंच नव्हतं, कारण आमच्यात ब्लाउजपीस उघडत नाहीत? सुनीती, गोरे आधी हसतील आणि मग मला काढून टाकतील. पोलिसात गेलं तर आणखी वेगळं. आणि कशासाठी? आपल्याकडे काही आलेलंच नाही! एक गुंज नाही!”

“त्या आजीबाईंकडे पाणी येईल.”

तिळगूळ त्याने परत डब्यात ठेवला.

रविवार गेला, सोमवार गेला. घरात दोघं एकमेकांशी फक्त कामापुरतं बोलत होती: दूध संपलंय, बॉयलरवाला येणार आहे. मंगळवारी रात्री अंबरीशने शर्टाला स्वतः इस्त्री केली, एरवी तो तसाच घालतो. तू काय करणार आहेस, असं तिने एकदाच विचारलं. “माहीत नाही,” तो म्हणाला, आणि ते खरं आहे हे तिला दिसत होतं. “तू बोलला नाहीस तर मी बोलेन,” ती म्हणाली. त्याने मान हलवली. ती मान होकाराची की थकव्याची, ते तिला कळलं नाही.

बुधवारी संध्याकाळी कौन्सिलच्या सभागृहात ती लोकांसाठी ठेवलेल्या खुर्च्यांवर जाऊन बसली. पुढच्या रांगेत बैठ्या घरांतली पाचसहा म्हातारी माणसं कोट घालूनच बसली होती. त्यातल्या कुणाचा गालिचा भिजला होता ते तिला माहीत नव्हतं. सगळ्याच बायका तिला तशा वाटल्या. संजय आणि अर्चना आले. अर्चनाने चांगली सिल्कची साडी नेसली होती. ती लगबगीने सुनीतीच्या शेजारी येऊन बसली आणि तिने सुनीतीचा हात हातात घेतला. “बरं झालं आलात ताई. मला बाई अशा ठिकाणी धडधडतं.” तिचा हात ऊबदार होता, आणि सुनीतीला तो सोडवून घेता आला नाही.

समोर अर्धवर्तुळात नगरसेवक बसले होते. बाजूच्या टेबलाशी अंबरीश, गळ्यात कौन्सिलचं ओळखपत्र, समोर माइक. अध्यक्षबाईंनी चष्मा लावला. कुणाला बाथरूम कुठे, आग लागली तर दार कुठलं, हे सगळं सांगून झालं. मग त्यांनी, दर वेळी विचारतात त्या सवयीने, पुढचं वाचलं. “मेंबर्स किंवा ऑफिसर्स, कुणाला काही इंटरेस्ट डिक्लेअर करायचाय?” म्हणजे, एखाद्या प्रस्तावात स्वतःचे हितसंबंध असतील तर ते आत्ताच सांगायचे.

कुणीतरी कागद उलटला. एक नगरसेवक घड्याळ बघत होता. अंबरीश टेबलाकडे बघत होता.

बोल, सुनीती मनात म्हणाली. अरे, बोल ना. थॉर्बीच्या बायकोसारखी मला इथे बसवून ठेवू नकोस.

“कुणी नाही?” अध्यक्षबाईंनी कागदावर टिचकी मारली. “मग आपण पुढच्या...”

सुनीती उठली. अर्धीच उठली, मांडीवरचा कोट खाली घसरला, अर्चनाने तिचा हात ओढला. त्याच वेळी समोरच्या टेबलावर माइकचा लाल दिवा लागला.

“चेअर,” अंबरीश म्हणाला. त्याने माइक जवळ ओढला. “सॉरी. मला सांगायचंय. पहिल्या प्रस्तावाच्या अर्जदाराने माझ्या घरी मौल्यवान भेट दिली असं मला ऑक्टोबरपासून माहीत होतं. ते मी कळवलं नाही. त्यानंतर मी ड्रेनेजच्या तळ्याची अट बदलली. ती बदलायला नको होती. हा रिपोर्ट तुम्ही विचारात घेऊ नये, आणि मी या खोलीत थांबू नये.”

मग एकदम सगळे बोलायला लागले. संजय उभा राहिला आणि इंग्रजीत ओरडू लागला की हे साफ खोटं आहे. पुढच्या रांगेतल्या एका आजीबाई शेजारणीला विचारत होत्या, “काय म्हणाला तो? तळ्याचं काय म्हणाला?”

अर्चनाने सुनीतीचा हात सोडला होता. तिचा चेहरा पांढरा पडला होता. “ताई, हे काय? तुम्ही घेतलंत ना? आवडलं म्हणालात ना मला, परवा?”

“वरदाचं बाळ बघायला गेली होतीस ना,” सुनीती हळू आवाजात म्हणाली, “तेव्हा तिच्या आईने तुझी ओटी भरली. हिरवा पीस होता, बुट्ट्यांचा. उघडलास?”

अर्चनाने तिच्याकडे पाहिलं. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. सुनीतीकडून वरदाकडे आणि वरदाकडून आपल्याकडे, हा सगळा प्रवास तिच्या डोळ्यांत सरकन फिरून गेला, कारण तिच्या घरीही तशीच एक बॅग होती.

“नाही,” ती पुटपुटली. “बॅगेत टाकला.” मग एकदम तिचे डोळे भरून आले. “पण मग तुमच्याकडे काही आलंच नाही! एवढंसुद्धा नाही! मग भाऊजींनी कशाला असं केलं? कशाची कबुली दिली त्यांनी?”

सुनीतीने खाली वाकून कोट उचलला. समोर अंबरीशने गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं होतं आणि तो बाजूच्या दाराकडे निघाला होता. कुणाकडेही न बघता.

“आमच्याकडे आलं नव्हतं,” ती म्हणाली. “पण फेडून झालं होतं.”

आणि ती त्याच्यामागे गेली.